आंबजाईच्या न्हाण्याचा मान

महाळुंग्यातून बाहेर पडलं, की दोन कंपन्यांच्या उंच भिंतींमधून एक अरुंद वाट आत जाते. एका बाजूला यंत्रांची घरघर, दुसऱ्या बाजूला मागे सरकणाऱ्या ट्रकांचे भोंगे, आणि मधून ती वाट, धुळीची, बाभळींच्या विरळ सावलीची. वाटेच्या टोकाला येळवंड्यांची वाडी आहे. वाडी म्हणायचं ते सवयीनं. बटाट्याचे वाफे होते तिथं पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, खळं होतं तिथं कंपनीच्या गाड्या वळतात. पण आंबजाईचं देऊळ जिथल्या तिथं आहे, देवळामागचा आड आहे, आणि त्या देवळातले मान तसूभरही हललेले नाहीत. पालखीची पुढची दांडी कुणाची, पहिला नारळ कुणाचा, दिवटी कुणी धरायची, सगळं ठरलेलं. जमिनी गेल्या, मान उरले. आणि माणसाचं असं आहे, की जे उरलं त्याला तो जास्त घट्ट धरतो.

शकू या वाडीची सून. शकुंतला भिमाजी येळवंडे. माहेर भामा नदीच्या खोऱ्यातलं. हाडापेरानं थोराड, रंगानं पिकल्या चिंचेसारखी, चालली तर वाट मागं सरते असं वाटावं अशी चाल. जमीन कंपनीत गेल्यावर भिमाजीनं खोल्या बांधल्या आणि त्या भाड्यानं दिल्या. राहायला आली लातूरची, परभणीची, थेट बिहारची पोरं. पोरांनी नळ उघडा ठेवला, की शकू अशा शिव्या घाली, की ती त्या मोबाइलवर भरून घेत आणि रात्रपाळीला एकमेकांना ऐकवत. शकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, पोरांनो, मला आदी सांगायचं, नीट घातल्या असत्या.

अशा या बाईच्या आयुष्यात एकच गोष्ट होती जिच्यापुढं ती आवाज खाली आणायची. ती म्हणजे आंबजाईचं न्हाणं.

चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली, की पाच घरांच्या पाच सवाशिणी देवीला न्हाऊ घालतात. आधी त्या आडावर अंघोळ करतात, अंगावर एकच लुगडं, चोळी नाही, आणि तशाच ओलेत्यानं, केस मोकळे सोडून, वाडीच्या देखत सभामंडपातून गाभाऱ्यात जातात. मागं पडदा पडतो. गुरवसुद्धा तेव्हा पाठ फिरवून बाहेर बसतो. आत त्या देवीचं लुगडं उतरवतात, चांदीचा मुखवटा उतरवतात, तेल-हळद लावतात, कोमट पाण्यानं न्हाऊ घालतात. आत जे दिसलं ते आतच ठेवायचं अशी शपथ असते, आणि वाडीच्या आठवणीत ती कुणी मोडलेली नाही. सासरा गेला त्या वर्षी सासूच्या हातातला तांब्या शकूच्या हातात आला. तेव्हापासून ती दरसाल आत जात होती. बाकी वर्षभर ती कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची मालकीण. त्या तेवढ्या वेळापुरती ती स्वतःची होती, आणि देवीची.

मग तिच्या डाव्या छातीत गाठ आली.

चिंचवडच्या दवाखान्यात ते सगळं थान काढून टाकलं. नंतर औषधांचे डोस झाले, केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे आले. शकूनं हे सगळं एखाद्या दुष्काळासारखं सोसलं. दवाखान्यानं दिलेली कापसाची गादी हलकी, चोळीत वर सरकायची, म्हणून तिनं स्वतः एक पिशवी शिवली आणि तीत राळ्याचे बारीक दाणे भरले. वजन नीट आलं. पण उन्हाळ्यात घामानं राळ्यांना कोंब फुटले, तेव्हा ती खोलीत एकटीच पोट धरून हसली. पिकत न्हाई असं कोन म्हनतं, म्हणाली.

हसली खरी. पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. ऑपरेशन झाल्यापासून ती अंघोळीला बसली, की समोरच्या भिंतीकडं बघायची. पाणी अंगावर घ्यायची, साबण लावायची, सगळं चाचपडत, आंधळ्यासारखं. खाली बघायची नाही. तिथं आडवा, चकाकता व्रण होता, आणि त्याला ना डोळा ना तोंड. पुसून टाकलेल्या पाटीकडं काय बघायचं.

पहिल्या वर्षी यात्रा आली तेव्हा ती अंथरुणात होती. तिच्या जागी छबूबाईची सून निशिगंधा आत गेली. छबूबाई ही शकूची थोरली चुलतजाऊ. तिच्या घराचा स्वतःचा मान होताच, ती वीस-एक वर्षं आत जात होती. आता एकाच घरातल्या सासू-सुना दोघी आत गेल्या. आजारपणाची बदली म्हणून कुणी काही बोललं नाही. शकूनंच अंथरुणातून निरोप धाडला होता, पोरीला घेऊन जा म्हणून.

दुसरी यात्रा जवळ आली, शकू चांगली हिंडू-फिरू लागली, आणि देवळात बैठक बसली.

सभामंडपाला कुठल्याशा कंपनीनं गुळगुळीत फरशी घालून दिली आहे. तिच्यावर पुरुष बसले, बायका खांबांच्या मागं. छबूबाई स्वतः काही बोलली नाही, तिनं मुलाला बोलायला लावलं. गणराज गोड बोलणारा. तो म्हणाला, काकीच्या तब्येतीला आता ओलेतं सोसायचं नाही, आणि निशिगंधाला रीत माहीत झालीच आहे.

"मला सोसतंय का न्हाई त्ये मी सांगंन," खांबामागून शकू म्हणाली.

मग गोडवा संपला आणि पोटातलं ओठावर आलं. कुणीतरी म्हणालं, देवीच्या अंगाला हात लावायचा तर बाई अव्यंग पाहिजे. दुसरा म्हणाला, रीतच आहे ती. तिसऱ्यानं मान हलवली. ही रीत त्या दिवसापर्यंत कुणी ऐकलेली नव्हती, पण एकदा उच्चारल्यावर ती सगळ्यांना लहानपणापासून माहीत असल्यासारखी झाली. ओलेत्यात दिसणार, असं एक म्हातारा हळूच पुटपुटला. खरं दुखणं ते होतं. देवीची अडचण नव्हतीच. अडचण डोळ्यांची होती.

शकू खांबामागून पुढं आली. बैठकीत बाई पुढं येत नाही, ती आली.

"गणराज," ती म्हणाली, "तुजी दोन बोटं भोसरीला प्रेसमदी ऱ्हायली. पालखीची पुढची दांडी तूच धरतूस ना बाबा? का न्हाई म्हनला कुनी तुला व्यंग?"

सगळ्यांची नजर गणराजच्या उजव्या हाताकडं गेली, आणि मग आपापल्या हातांकडं. कारण त्या मंडपात बोटं मोजायला बसलं असतं तर माणसांच्या मानानं ती चांगलीच कमी भरली असती. कुणाचं पेर गेलेलं, कुणाचा अंगठा, एकाचा तर पंजाच. कारखान्यांच्या या पट्ट्यात ती गोष्ट इतकी रोजची आहे, की सोयरीक जमवतानासुद्धा कुणी विचारत नाही.

"त्ये कामावर गेलंय, काकी," गणराज म्हणाला. "त्याला व्यंग म्हनत न्हाईत."

"आन माजं काय जत्रंत हरवलंय?"

दोघे-तिघे हसले, आणि हसल्यावर ओशाळले. बैठक तिथंच मोडली असती तर बरं झालं असतं. पण हिंदुराव गुरवानं घसा खाकरला. हिंदुराव वाईट माणूस नव्हे. त्याला भांडण सहन होत नाही, एवढाच त्याचा दोष, आणि भांडण मिटवायला तो काहीही सुचवतो.

"आयका," तो म्हणाला. "देवाच्या मूर्तीचा टवका उडाला तर आपन मूर्ती टाकून देतो का? न्हाई. वज्रलेप करतो. लेप झाला की पूजा पुन्यांदा चालू. आता माजी भाची दवाखान्यात हाय, ती सांगत व्हती, बाईचं पन तसं करून देत्यात म्हनं. गोंदून. हुबेहूब. वैनींनी त्ये करून घ्यावं. दोन जानत्या बाया बघत्याल, व्हय म्हनत्याल, मग देवीला हात लावायला हरकत न्हाई."

मंडपात जीव आला. तोडगा सगळ्यांना पटला, कारण त्यात कुणालाच वाईट ठरवायचं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं तर अगदी मनापासून विचारलं, की याला मुहूर्त बघावा लागेल का. हिंदुरावानं तेवढ्याच गांभीर्यानं सांगितलं, नाही, हे डॉक्टरी असल्यामुळं मुहूर्त लागत नाही.

शकू उभी होती. तिच्याबद्दल, तिच्या छातीबद्दल, ही सगळी माणसं, ज्यांच्या घरची बारशी, लग्नं, मयती तिनं रांधून पार पाडल्या होत्या, ती गळक्या पत्र्याबद्दल बोलावं तशी बोलत होती. ती घरी निघून आली.

मागोमाग भिमाजी आला, खूश होऊन. म्हणाला, बरं निभलं, कुणाचंच वाकडं झालं नाही.

"मी मूर्ती हाय का, टवका उडालेली?" शकू म्हणाली.

"तसं न्हवं गं. तोडगा निगाला म्हनायचं."

शकूनं परातीतलं पीठ असं मळलं, की परात जमिनीवर फिरत राहिली. तिचा राग भिमाजीला कळत होता तेवढाच नव्हता. त्याच्या खाली आणखी एक राग होता, आणि तो तिला बोलून दाखवता येत नव्हता. कारण तो शपथेत अडकला होता.

आत काय आहे ते फक्त आत गेलेल्या बायकांना ठाऊक. लुगडं उतरवलं, मुखवटा उतरवला, की मागं उरतो एक धोंडा. ओबडधोबड, काळा, शेंदराचे थर चढलेला. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, छाती नाही. कुणी घडवलेला नाही तो, जमिनीतून वर आला तसा आहे. पहिल्या वर्षी शकूनं त्याला हात लावला तेव्हा तिला रडू फुटलं होतं. एवढी उघडी, एवढी साधी देवी. आणि वीस-एक वर्षं स्वतःच्या हातानं त्या धोंड्याला तेल चोळणारी छबूबाई मुलाच्या तोंडून म्हणत होती, की आंबजाईला अव्यंग बाई लागते.

राग होता, तरी मान सोडायचा नव्हता. असं गोंदून देणाऱ्या आकुर्डीतल्या एका पोरीचा पत्ता शकूला दवाखान्यातल्या नर्सनं मागंच दिला होता. भिमाजी म्हणाला, मी गाडीवर सोडतो. ती म्हणाली, तुमी घर राखा. शेअर रिक्षानं ती भोसरीला आली, तिथून बसनं आकुर्डीला. कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून दुकान होतं. भिंतीवर वाघ, त्रिशूळ, इंग्रजी अक्षरं, पोरींची नावं. कॉलेजातला एक पोरगा दंडावर काहीतरी काढून घेत होता आणि दुखतंय हे कळू नये म्हणून मोबाइलमध्ये बघत होता. दुकानाची मालकीण रोहिणी, परभणीकडची, तिशीतली, कामात असली की जिभेचं टोक दातांत धरणारी. तिनं शकूकडं एकदा बघितलं आणि न विचारता मागच्या खोलीचं दार उघडून दिलं.

त्या खोलीत वाघ-त्रिशूळ नव्हते. एक खाट, एक खिडकी, स्वच्छ पांढरी चादर. पोराचं काम उरकून रोहिणी आत आली, तिनं दवाखान्याचे कागद बघितले, ऑपरेशन होऊन किती दिवस झाले ते बघितलं, व्रण बघितला, दोन बोटांनी हळू चाचपला. मग स्टूल ओढून समोर बसली.

"काकू, हे कुणासाठी करून घ्यायलाव?"

शकूनं सगळं सांगितलं. बैठक, अव्यंग, वज्रलेप, दोन जाणत्या बाया. रोहिणी ऐकत होती आणि तिच्या हातातला हातमोजा अर्धाच चढलेला राहिला.

"मी दाखले काढून देत न्हाई," ती म्हणाली. "सांगून ठेवते. माझ्याकडं एक नवरा आला होता. बायकोला बाहेर बसवलं अन् मला मापं सांगायला लागला, जसं काय गाडीला सीट कव्हर घालायचंय. त्याला मी जिना दाखवला. तुमच्या त्या बाया उद्या म्हणतील, रंग जुळला न्हाई, परत करून आण. मग काय, परत येणार? तुम्हाला सोताला पाहिजे का न्हाई, ते सांगा. पाहिजे नसंल तर चहा प्या अन् घरी जा. चहा चांगला मिळतो खाली."

शकूला आधी राग आला. एवढी लांब आले, ही पोरगी मलाच शिकवते. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. तुला काय पाहिजे, हे तिला ऑपरेशन झाल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नवऱ्यानं समजावलं होतं, वाडीनं ठरवलं होतं.

"मला न्हाताना खाली बघायचंय," ती शेवटी म्हणाली. "बस. येवढंच."

रोहिणीनं दुसरा हातमोजा चढवला.

रंग जुळवायला तिला वेळ लागला. बाटल्यांमधले तयार रंग गोऱ्या बायकांसाठी केलेले, गुलाबी-गुलाबी. रोहिणीनं ते बाजूला सारले आणि तपकिरीत थोडा काळा, थोडा विटकरी असं करत, उजव्या बाजूकडं बघत, खिडकीच्या उजेडात कातडीवर ठिपका लावून पुसत, पुन्हा लावत राहिली. मग तिनं सांगितलं, की हे सपाटच राहणार, पण उजेड-सावलीनं बोंड वर आल्यासारखं दिसेल. भोवतीचं वर्तुळ काठाला असं विरवीन, की कुठं सुरू झालं ते कळणार नाही. शकू म्हणाली, तू कर बाई, मी हितंच हाय.

सुईची घरघर सुरू झाली आणि शकूला काहीच कळेना. कातडी मेलेली होती. सुई चालत होती ती जणू दुसऱ्याच कुणावर. पडल्या पडल्या तिनं रोहिणीला आपल्या हातांवरचं गोंदण दाखवलं, हिरवट, पसरट झालेलं, तुळस, चार ठिपके. भामेच्या काठी जत्रेत बसणाऱ्या बाईनं ते काजळीनं टोचलं होतं, आणि शकूनं बोंब मारली तेव्हा आजीनं तिचं मनगट मांडीखाली दाबून धरलं होतं. आजी म्हणाली होती, रडू नको, मेल्यावर दागिने समदे काढून घेत्यात, येवढंच काय त्ये संगं येतं.

बोलता बोलता ती एकदम दचकली.

"लागलं?" रोहिणीनं सुई उचलली.

"लागलं," शकू म्हणाली. बगलेकडच्या काठावर, एका जागी, मुंगी चावावी तसं. तिला वाटलं होतं तिथलं सगळं संपलं. "लागू दे. तितंच घे अजून थोडं."

रोहिणी म्हणाली, असं करत नसतात काकू, दुखायला पैसे घेत नाही मी. दोघी हसल्या. मग रोहिणी पुन्हा कामाला लागली. खाली बसचा भोंगा वाजला, खिडकीतलं ऊन चादरीवरून सरकून जमिनीवर उतरलं.

खपली धरली, पडली. रंग कुठं फिका पडला होता तो भरायला शकू पुन्हा एकदा जाऊन आली. नंतर एका सकाळी, सगळे कामावर गेल्यावर, ती न्हाणीघरात बसली. चुलवणावरचं पाणी कढत होतं, वाफ होती. तिनं पहिला तांब्या खांद्यावरून सोडला आणि पाण्याच्या ओघळामागं नजर खाली नेली. व्रण होताच. तो कुठं जाणार. पण त्याच्या मधोमध आता एक तपकिरी चंद्र होता, ओला, तिच्याच रंगाचा. बांध फुटलेल्या शेतात पहिल्यांदा नांगराचा तास दिसावा तसा. ती बघत राहिली. पाणी निवलं, तिनं दुसरं घेतलं. त्या दिवशी तिनं अंग घासून घासून, नीट, बघून बघून धुतलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी छबूबाई आली. बरोबर म्हातारी चुलतसासू. भिमाजीनं आधीच सतरंजी टाकली होती, चहा टाकला होता, आणि बायकांचं काम म्हणून तो ओट्यावर जाऊन बसला. छबूबाईनं चहा घेतला, उन्हाचं बोलली, भाडेकरूंचं बोलली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आत जाऊ चल. एकदा नजर घातली की आमी मोकळ्या."

"कशावर नजर घालायची, आक्का?"

"आता मला का बोलायला लावतीस? केलंस ना त्ये?"

"केलंय."

"मग?"

"मग काय? माजं मी केलंय. तुमाला दाखवायला न्हाई केलं."

छबूबाईनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीला ऐकू कमी येत होतं, ती म्हणाली, व्हय व्हय, चांगलं झालं. छबूबाई उठली. म्हणाली, तुझीच मर्जी, मग सांजच्याला निशिगंधा जाईल आत. तिच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती.

त्या गेल्यावर भिमाजी आत आला. त्याला खरंच कळत नव्हतं. एवढा तोडगा निघाला, एवढं जाऊन केलं, सोसलं, आणि आता घासभरासाठी पान उधळायचं. बायकाच तर होत्या. पळभराचं काम. पदर सरकवायचा आणि मान घ्यायचा.

"मग केलंस कशापायी?" त्यानं विचारलं.

"भीमा," शकू म्हणाली. ती त्याला नावानं कधी हाक मारत नसे. "डॉक्टरानं उघडं केलं, मी काय बोलले न्हाई. मशिनीखाली उघडं केलं, शिकाऊ पोरापोरींनी बघितलं, मी काय बोलले न्हाई. जीव वाचवायचा व्हता. आता ह्यास्नी कशाला दाखवू? ह्यांचं काय वाचनार हाय?"

भिमाजी कप उचलून मोरीत ठेवत राहिला. तीनच कप होते, पण त्याला बराच वेळ लागला.

उन्हं कलली. सनई-ताशा आला, मंडप भरला. आडावर चार घरांच्या बायका अंघोळीला आल्या, आणि निशिगंधा. शकू शेवटी आली. चोळी घरीच ठेवून आली होती, आणि राळ्यांची पिशवीही. तिनं कळशी डोक्यावर ओतली. लुगडं अंगाला चिकटलं. एका बाजूला उभार, एका बाजूला सपाट. तिनं पदर ओढून झाकलं नाही, सावरूनही दाखवलं नाही. केस पाठीवर टाकले आणि चालू लागली.

मंडपातून जाताना ताशा थांबला. कुणी थांबवला नाही, वाजवणाऱ्याचे हात थांबले. पडद्यापाशी हिंदुराव उभा होता. तो शकूकडं न बघता म्हणाला, "वैनी, बायांनी बघितलं न्हाई म्हनत्यात."

"न्हाई बघितलं."

"मग मी कसा सोडू?"

ती वळली. मागं छबूबाई हातात तेलाची वाटी घेऊन उभी होती, ओली, पिकल्या केसांतून पाणी गळत होतं.

"आक्का," शकू म्हणाली, "तुमी माज्या आदीपासून आत जाता. देवीला तुमी माज्यापरीस जास्त वळखता. हितं, हिच्या दारात, हिच्याच नावानं शपथ घिऊन सांगा, की आंबजाई अव्यंग बाई मागती. तुमी सांगितलं, की मी हितून माघारी जाते. जलमात परत मागनार न्हाई."

मंडपातले पुरुष छबूबाईकडं बघू लागले. त्यांना वाटलं, सोपं काम आहे, आता ही बोलेल. पण ओल्या बायका एकमेकींकडं बघेनात. एकीनं खाली बघितलं, एकीनं हातातल्या हळदीकडं. त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो काळा, उघडा, हातापायावाचूनचा धोंडा होता. त्याच्या दारात उभं राहून, त्याच्याच नावानं, अव्यंग हा शब्द कोणत्या तोंडानं काढायचा?

छबूबाईनं वाटी या हातातून त्या हातात घेतली. वाटीतलं तेल काठाला आलं.

"आत्या, बोला की," निशिगंधा हळूच म्हणाली. ती एकदाच आत गेली होती, पण तेवढं पुरेसं होतं. तिनं हातातला तांब्या शकूपुढं धरला. छबूबाईनं सुनेकडं असं बघितलं, की त्याचा अर्थ तिला घरी गेल्यावर कळणार होता. मग ती पडद्याकडं वळली.

"पानी गार व्हायलंय," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "चला."

पडदा पडला. आत काय झालं ते आतच राहिलं. फक्त एवढं, की पडदा उघडला तेव्हा शकूच्या मनगटापर्यंत हळद होती आणि छबूबाईच्याही, आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अजूनही बोलत नाहीत.

इथं गोष्ट संपली असती तर वाडीला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी यात्रेची पंगत बसली आणि शकूला मागून बोलणं ऐकू आलं. हिंदुराव पाहुण्यांना सांगत होता. अडचण होती खरी, पण आम्ही शास्त्राप्रमाणं वाट काढली, वज्रलेप करून घेतला, जाणत्या बायांनी पाहिलं, मगच देवीला हात लावू दिला. शेजारच्या वाडीचा एक म्हातारा मान डोलावत म्हणाला, हे चांगलं, रीत मोडली नाही. आमच्याकडंही एक प्रकरण आहे, तिलाही सांगतो करून घ्यायला.

शकूच्या हातातलं भाकरीचं टोपलं खाली आलं. भिमाजी आमटीची बादली घेऊन वाढत होता, तिच्या जवळ आला, आणि तिचं तोंड बघून समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे गं. मान मिळाला ना शेवटी?"

"मिळाला?" शकू म्हणाली. "माजाच व्हता. आन त्यो म्हनतूया, बायांनी बघितलं. उद्या त्या दुसऱ्या बाईला दोन जनी पदर सरकवायला लावत्याल, शकूनं दाखवलं म्हनून." तिनं बादलीच्या कडीवरचा त्याचा हात धरला आणि त्याला पंगतीच्या त्या ओळीकडं वळवलं. "त्याच्या पानात आमटी वाढा. वाढताना सांगा, माज्या बायकूनं कुनाला काय दाखवलं न्हाई म्हनावं. आन पाव्हन्यास्नी आयकू जाईल असं सांगा."

भिमाजी तसाच उभा राहिला. बादली जड होती, आमटी गरम होती, ओळीतली माणसं पानाकडं बघून वाट पाहत होती. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं. मग तो गेला, वाढत वाढत, एकेका पानापाशी वाकत. हिंदुरावापाशी आला तेव्हा त्यानं डाव बादलीत ठेवून दिला आणि वाकला नाही, उभाच राहिला.

तो काय बोलला ते शकूपर्यंत पोचलं नाही. पण त्या ओळीतले हात पानावरच थांबले, आणि शेजारच्या वाडीचा म्हातारा मान वर करून हिंदुरावाच्या तोंडाकडं बघू लागला.